चवथीआधी बाथरूमचं कपाट उपसलंय. नैसर्गिक प्रसाधनांवर खरंच भागतं का?

आबोली (फोंडा):

चवथ तीन आठवड्यांवर आली म्हणून घर झाडायला काढलंय. माळा झाला, देवघर झालं. काल बाथरूमचं कपाट उघडलं आणि तिथेच बसकण मारली. २३ बाटल्या! मोजल्या म्हणून कळलं. ९ बाटल्यांची मुदत संपलेली, ४ कुणी आणल्या ते घरात कुणालाच आठवत नाही. एकीवर कोकमाचं मोठं चित्र आहे, पण मागची यादी भिंग लावून वाचली तर कोकम शेवटून तिसरं.

एवढा सरंजाम असून हनुवटीवर दोन महिने पुरळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन आठवडे तोंडाला पाण्याशिवाय काही लावू नका. नाही लावलं. पुरळ निम्म्यावर आलं.

माझी आजी केप्याची. तिचा सगळा ऐवज म्हणजे मसुरीचं पीठ, खोबरेल, शिकेकाई आणि पावसात फुटलेल्या टाचांसाठी भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, एक गोळा. ८१व्या वर्षी गेली तेव्हाही गाल मऊ होते. आता मलाही तिच्याच वाटेने जावंसं वाटतंय. पण आजी डोक्यावर पदर घेऊन शेतात जायची आणि मी रोज भर उन्हात स्कूटरवरून पणजीला जाते, हाही फरक आहेच. तर काय सोडता येतं आणि काय नाही, ते अनुभवाने सांगा. आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी ही कुस्ती कृपया इथे नको.

जाऊबाईंची मुलगी १४ वर्षांची आहे. तिला व्हिडिओ बघून दहा पायऱ्यांचं रूटीन करायचंय. तिला काय सांगू?

सुरंगी (मडगाव):

अभिनंदन, आबोलीताई! मी सहा वर्षांपूर्वीच सगळं फेकलं. तोंडाला बेसन नि चिमूटभर हळद, केसांना रिठा-शिकेकाई, अंगाला घाण्यावरचं खोबरेल, उन्हाने करपलं तर दारातली कोरफड. माझा नियम एकच. जे पोटात घालता येत नाही ते कातडीला लावायचं नाही.

कोरफडीचं एक लक्षात ठेवा. पान कापल्या कापल्या लावू नका. देठाकडून पिवळा चीक येतो, त्याने खाज सुटते. पान पंधरा मिनिटं उभं ठेवायचं, चीक निथळला की धुवायचं आणि मगच गर काढायचा.

चिमटा:

पोटात जातं ते लावायचं, तर खतखतं चालेल का? आणि फेणी? आमच्या घरी दोन्ही असतं म्हणून विचारलं.

बाष्प (वेर्णे):

चिमटा, तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण तुमच्या प्रश्नाला उलटं केलं की मुद्दा सापडतो. काजूच्या दिवसांत बागेत गेलेल्या कुणालाही विचारा. बोंड चोखावं, बी भाजून खावी, पण कच्च्या बीच्या सालीतला डीक ओठाला लागला तर आठ दिवस काळं, सोललेलं तोंड घेऊन हिंडावं लागतं. तो डीक शंभर टक्के नैसर्गिक असतो, त्यात कुठल्या कंपनीचा हात नाही. बिब्बा त्याच कुळातला, आंबाही त्याच कुळातला, म्हणून कैरीचा चीकही भाजतो. आपल्या आजीला हे सगळं ठाऊक होतं. 'नैसर्गिक' असा शब्द तिच्याकडे नव्हताच. हे चालतं आणि हे भाजतं, एवढंच होतं.

मी एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीत १७ वर्षं काढली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'हा कंपनीचा माणूस' म्हणायला तुम्हाला सोपं जाईल.

माझ्या दृष्टीने सगळं पाण्यापाशी येऊन थांबतं. तेल, तूप, कोरडं पीठ यांत पाणी नसतं, म्हणून त्यांत जंतूंना सहसा वाढता येत नाही. क्रीम, लोशन, जेल, गुलाबपाणी यांत पाणी आलं, म्हणजे जंतूंची पंगत बसली. आपल्याकडे पावसात चपलांना बुरशी येते, पोह्यांचा डबा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी पोहे चिवट होतात. अशा हवेत संरक्षक न घातलेलं घरगुती क्रीम बाथरूमच्या खिडकीत महिनाभर कसं टिकेल? दिसायला टिकतं, हीच पंचाईत आहे. वास किंवा रंग बदलेपर्यंत जंतू फार पुढे गेलेले असतात. डोळ्याभोवती लावायच्या वस्तूत तर असली हयगय नकोच.

आता ते पॅराबेन प्रकरण. पॅराबेन म्हणजे प्रसाधनांत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते संरक्षक. २००४ साली इंग्लंडमध्ये स्तनाच्या २० गाठी तपासल्या आणि त्यांत पॅराबेन सापडले, असा शोधनिबंध आला. निरोगी ऊतींशी तुलना त्यात नव्हती आणि त्यामुळेच कर्करोग झाला असंही त्यात सिद्ध झालं नव्हतं. पण 'पॅराबेनमुक्त' शब्दाला बाजारात भाव आला. पॅराबेन काढल्यावर त्या जागी काहीतरी घालणं भागच होतं. बऱ्याच ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आलं आणि त्याच्या ॲलर्जीने लोक इतके हैराण झाले की पुढे युरोपने ते न धुवायच्या प्रसाधनांतून काढायला लावलं. अमेरिकेतली स्पर्शजन्य त्वचारोगांच्या डॉक्टरांची संस्था दरवर्षी एक 'ॲलर्जीकारक' निवडते. २०१३ला तो मान या नव्या संरक्षकाला मिळाला. २०१९ला त्यांनी उलटी गंमत केली आणि पॅराबेनला 'ॲलर्जी न करणारा' म्हणून निवडलं.

पॅराबेन निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. त्यातल्या काहींवर युरोपात बंदी आहे आणि उरलेल्यांना मर्यादा आहे. पण 'मुक्त' लिहिलेल्या बाटलीत त्याऐवजी काय घातलंय, तेवढं वाचा.

सुरंगी:

बाष्प, पाण्याचा मुद्दा पटला. माझी कोरफडही फ्रिजमध्ये तीन दिवसांवर ठेवत नाही मी. पण विश्वास ठेवायचा कुणावर, ते सांगा. केरळात मलप्पुरमकडे २०२३मध्ये गोरं करणारी क्रीमं लावून लोकांची मूत्रपिंडं बिघडल्याचं डॉक्टरांना आढळलं, क्रीममध्ये पारा होता. ते बेसनाने झालं नाही ना?

बाष्प:

नाही झालं आणि तिथे मी तुमच्याच बाजूला आहे. आपल्या २०२०च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये पारा किती चालेल ते लिहिलं होतं. डोळ्यांच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत ७० भाग, बाकी सगळ्यांत नकळत आला तरी १ भाग. गोरं करणाऱ्या चोरट्या क्रीममध्ये तो मुद्दाम घातलेला असतो, कारण पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही. ही क्रीमं दुकानापेक्षा ओळखीपाळखीतून जास्त फिरतात. डबीवर उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, तर ती डबी कितीही हर्बल दिसो, घेऊ नये.

मोगरावेल (शिवोली):

लिंबाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून माझी फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी मान काळवंडली म्हणून कुठेतरी वाचून लिंबू नि साखर चोळली. रविवार होता. धुतली न धुतलीशी केली आणि पोरांना घेऊन मिरामारला गेले. दुसऱ्या दिवशी मान चुरचुरायला लागली, तिसऱ्या दिवशी फोड आले आणि ते बसल्यावर गळ्यावर तपकिरी ओघळ उमटले. जिथे जिथे रस वाहिला होता, तिथे अगदी नकाशा काढल्यासारखे! लग्नसराई तोंडावर. चार महिने गळाबंद ब्लाउज घालून फिरले.

डॉक्टरांनी सांगितलं, लिंबाच्या रसात आणि सालीत असं द्रव्य असतं की त्यावर ऊन पडलं म्हणजे त्वचा भाजते. उन्हात बसून लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांनाही होतं म्हणे. सुरंगी, लिंबू पोटात जातं हो!

सुरंगी:

बाई गं! नियम मागे घेते. निदान लिंबापुरता.

घाणा_चालू (डिचोली):

मी घरी साबण करते, सात वर्षं झाली. म्हणून थोडं व्यवसायाच्या बाजूने लिहिते.

प्रदर्शनात रोज विचारतात, 'तुमच्या साबणात कॉस्टिक नाही ना?' कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होतच नाही. तेल आणि कॉस्टिक यांची गाठ पडली की साबण नि ग्लिसरीन तयार होतं आणि मापं बरोबर असतील तर कॉस्टिक उरत नाही. एक किलो खोबरेलाला साधारण १८० ग्रॅम लागतो. मी थोडा कमी घालते, म्हणजे तेलाचा अंश शिल्लक राहतो आणि अंग ओढलं जात नाही. पुढे चार ते सहा आठवडे वड्या सुकवायच्या. पावसाळ्यात हेच जिवावर येतं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वडीला घाम फुटतो. श्रावणात माझ्या खोलीत पंखा अहोरात्र चालू असतो, विजेचं बिल आलं की नैसर्गिक साबणाची किंमत कळते.

माझा साबण मीच तोंडाला लावत नाही. कुठलाही खरा साबण अल्कधर्मी असतो, पीएच नऊ-दहाच्या घरात. तोंडाच्या त्वचेचा पाचाच्या आसपास. अंगाला चालतो, कारण लगेच धुतला जातो आणि त्वचा सावरते. पण आबोलीताईंसारखं पुरळ असेल त्यांनी तोंडासाठी औषधाच्या दुकानातला साधा, बिनवासाचा क्लेन्झर घ्यावा. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगते. घरचे म्हणतात, अशाने तुझा धंदा बसेल.

घरी करून वाटणं वेगळं, विकायचं म्हटलं की परवाना लागतो. फॉर्म सीओएस-८. आपल्याकडे हे काम बांबोळीचं अन्न व औषध प्रशासन बघतं. त्या कागदपत्रांत माझा एक पावसाळा गेला, पण त्यामुळे वजनं, तारखा, घाणी (बॅच) क्रमांक लिहून ठेवायची सवय लागली. कुणी हाताने केलेलं विकत असेल तर परवाना विचारा. रागावली तर घेऊ नका.

आणखी एक. यादीत घटक जास्तीपासून कमीकडे लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कुठल्याही क्रमाने. म्हणून आबोलीताईंच्या बाटलीत कोकम शेवटून तिसरं आलं, म्हणजे बहुधा चित्रापुरतंच.

शेवंती (म्हापसा):

चौदा वर्षांच्या मुलीचं वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या बहिणीच्या मुलीने एका ब्युटी पार्लरमधून 'जडीबुटीचं' क्रीम घेतलं. बिनलेबलच्या पांढऱ्या डबीत भरून दिलं होतं. दहा दिवसांत मुलगी उजळली, पुरळ गायब, आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. दोन महिन्यांनी लावायचं थांबवलं तर तोंड लालभडक, आग आग, बारीक पुळ्या. परत लावलं की बरं. त्वचेच्या डॉक्टरांनी डबीचा नुसता वास घेतला आणि म्हणाले, यात स्टेरॉइड असणार. गालांवर लव वाढली होती, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. सुटायला जवळजवळ वर्ष लागलं.

डॉक्टरांकडूनच कळलं की स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली नियम कडक केलेत. पण ते दुकानांसाठी झालं. डबीत भरून देणाऱ्याला कोण अडवतो?

आबोलीताई, पोरीला सांगा की दहा दिवसांत फरक पडला तर घाबरायचं.

चिमटा:

हे वाक्य आमच्या बायकोला ऐकवलं. तिने फ्रिजमधली एक डबी उचलून कचऱ्यात टाकली. काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दर्यावर्दी (वास्को):

उन्हाचं मी सांगतो, कारण माझं पोटच उन्हावर चालतं. ग्रँड आयलंडला पर्यटकांना बोटीने नेतो. खोबरेल लावून येणारे रोज बघतो, दुपारपर्यंत पाठ उकडलेल्या खेकड्यासारखी. 'खोबरेलात नैसर्गिक एसपीएफ असतो' हे त्यांना कोण शिकवतं कोण जाणे. थोडासा असेलही, पण एप्रिलच्या उन्हात समुद्राच्या मध्यावर त्याचा काय पाड?

आमचे जुने खलाशी काहीच लावत नाहीत. लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला टॉवेल, अकरा ते तीन सावली. आबोलीताईंच्या आजीचा पदर म्हणजे तेच. फुकटचं, धुवून परत वापरायचं, मुदत संपत नाही.

मी स्वतः झिंक ऑक्साइडचं लावतो. पांढरं दिसतं, पोरं भूत म्हणतात. आमच्याकडे पाण्याखाली प्रवाळ आहे, म्हणून पर्यटकांनाही तेच सुचवतो. हवाईने प्रवाळासाठी २०२१पासून ऑक्सिबेन्झोन नि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. प्रवाळाचा मोठा वैरी तापलेला समुद्र आहे, क्रीम नव्हे, हे मला डायव्हिंग शिकवणाऱ्यांनी सांगितलंय. पण दुसरं मिळतंय तर उगीच कशाला?

बाष्प:

अनुमोदन. झिंक ऑक्साइड ऐकून बिचकणाऱ्यांसाठी: लहानपणी घामोळ्यांना लावायचो त्या कॅलामाइनमध्येही तेच, लोहाच्या ऑक्साइडने गुलाबी झालेलं. मात्र झिंकची पूड आणून तेलात घोटू नका. ती सारखी पसरत नाही, गुठळ्या राहतात आणि दोन गुठळ्यांच्या मधली जागा भाजते. सनस्क्रीन विकतच घ्यायचं.

खोबरेलाबद्दलही लिहायचं राहिलं. कोरड्या पायांना, कोपरांना, लहान मुलांच्या अंगाला त्याच्याइतकं स्वस्त नि मस्त काही नाही. पण तोंडाला पुरळ येणाऱ्यांनी लांब राहावं, छिद्रं बुजतात. आपल्या दमट हवेत त्वचेवर राहणारी एक यीस्ट अशा स्निग्ध द्रव्यांवर पोसते. पाठीवर, कपाळावर बारीक खाजरे दाणे येतात ते बरेचदा तिचेच. 'तेल कमी पडलं' म्हणून लोक आणखी तेल चोपडतात.

सुगंधी तेलांचंही तसंच. लव्हेंडर, गवती चहा, संत्र्याची साल यांतले लिनालूल, सिट्रल, लिमोनिन हे पदार्थ युरोपात ॲलर्जीकारक म्हणून बाटलीवर वेगळे छापावे लागतात. हवा लागून जुनी झालेली तेलं जास्त त्रास देतात. नवीन काहीही आणलं, झाडावरचं असो की कारखान्यातलं, आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा.

खडीसाखर (हरमल):

अवांतर: आमच्या गोड्या तळ्यापाशी परदेशी मंडळी पिवळी माती अंगभर फासून वाळत बसतात. लहानपणी त्याच मातीत मळून आलो की आई फोकाने मारायची. तेव्हा कळलं असतं तर 'स्पा' म्हणालो असतो.

आबोली:

सगळ्यांचे आभार. काल रात्री पुतणीला शेजारी बसवून हा धागा वाचून दाखवला. शेवंतीच्या पोस्टला ती गप्प झाली, मोगरावेलच्या गळाबंद ब्लाउजला हसली. तिचं रूटीन आता तीन पायऱ्यांवर आलंय, साधा क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि शाळेत जाताना सनस्क्रीन. व्हिटॅमिन सीच्या बाटलीवर तह बाकी आहे.

माझ्या कपाटात २३ पैकी ५ राहिल्या. क्लेन्झर, बिनवासाचं क्रीम, झिंकवालं सनस्क्रीन, एक लिपस्टिक (ती नाही सोडणार) आणि मुलाचं पुळ्यांचं औषध. तोंड सोडून बाकी अंग आजीच्या ताब्यात दिलं. अंगाला मसूर पीठ आणि डिचोलीचा साबण, पायांना खोबरेल. शिकेकाई एकदा करून पाहिली. केस छान झाले, पण मोरी साफ करायला अर्धा तास गेला, आणि डोळ्यात गेली ती वेगळीच. म्हणून ती रविवारीच. आजी नोकरीला जात नव्हती, हे शिकेकाई गाळताना नीट कळलं.

फक्त भिरंडेल मिळत नाहीये. फोंड्याच्या बाजारात दोघींकडे विचारलं, एकीने मेणासारखं काहीतरी दाखवलं, मला खात्री वाटेना. कसं ओळखायचं?

घाणा_चालू:

चांगलं कोकमतेल पांढरट-पिवळसर, घट्ट, दाबलं तर कडकन तुटणारं असतं. आपल्या हवेत खोबरेल पातळ असतं तेव्हाही हे दगडासारखं राहतं, कारण ते चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. नखाने खरवडून तळव्यावर चोळा, अंगाच्या उबेने विरघळू लागायला हवं. मेण तसं विरघळत नाही.

पेडण्याची_आजी:

नात टाइप करून देते आहे, मी सांगते आहे.

बाय, बाजारात कशाला शोधतेस? भिरंडांची सोलं काढली की बिया उरतात, त्या राख लावून उन्हात कडक वाळवायच्या. साल फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात घालून मंद चुलीवर उकळायचा. वर तवंग येतो तो पळीने काढत राहायचं. गार झाला की आळतो. पुरता कडक व्हायच्या आधी मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून आमच्यात त्याला मुठेल म्हणतात. बोटांचे ठसे राहतात त्याच्यावर. गोळा जिचा तिला ओळखू यायचा. माझ्या सासूच्या गोळ्याला चारच बोटं उमटायची, एक विळीवर गेलं होतं.

टाचांना लावायचं तर रात्री पाय धुवून, कोरडे करून. गोळा दिव्यावर जरासा धरायचा आणि भेगेवरून फिरवायचा. वर जुने मोजे घाल, नाहीतर चादर खराब होते.

यंदाच्या मे महिन्यातल्या बिया माझ्याकडे डबाभर पडून आहेत. कुटायला आता माझे हात चालत नाहीत. चवथ झाली की ये, कुटणारी तू, सांगणारी मी.

आबोली:

आजी, येते. पुतणीलाही आणते, कुटायला.